दोन तक्रारी, एक मोटार: पेट्रोल, पकड आणि साठ वर्षांचा हिशेब

१/
नागपूरच्या दक्षिणेस, वर्धा मार्ग आणि रेल्वेरुळांच्या पलीकडे मनीषनगर आहे. तेथील एखाद्या बंगल्याच्या पोर्चमध्ये १९६५ सालची दोन आसनी ट्रायम्फ स्पिटफायर उभी आहे, अशी कल्पना करू. मालकाच्या दोन तक्रारी आहेत. पूर्वी लिटरला १२ किलोमीटर धावणारी गाडी आता ८ वर आली आहे. शिवाय ओल्या रस्त्यावर वळताना तिचा मागचा भाग बाहेर निसटू पाहतो.

२/
बहुतेक ठिकाणी निदान एका वाक्यात होते: “गाडी जुनी झाली.” पण वय हे कारण नव्हे. मधल्या काळात जे जे बदलले, त्या सर्वाला दिलेले ते एक मोघम नाव आहे. ही मोटार एका विशिष्ट पेट्रोलसाठी, विशिष्ट टायरांसाठी आणि विशिष्ट रस्त्यांसाठी घडवली गेली. साठ वर्षांत तिन्ही बदलले. म्हणून दोष शोधायचा तर आधी या बदलांचा इतिहास वाचावा लागतो.

३/
आरंभ मागच्या चाकांपासून. एप्रिल १९५९ मध्ये इंग्लंडच्या स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीने हेराल्ड ही छोटी मोटार आणली. तिचा आकार इटलीच्या जिओव्हानी मिकेलोट्टी यांनी रेखाटला होता. त्या वेळच्या बहुसंख्य स्वस्त मोटारींची मागची चाके बैलगाडीप्रमाणे एकाच अखंड आसाला जोडलेली असत. हेराल्डची मागची चाके मात्र एकमेकांपासून स्वतंत्र होती. या रचनेला स्विंग एक्सल म्हणतात. तिचे पेटंट एडमुंड रुम्प्लर यांनी १९०३ मध्येच घेतले होते.

४/
रचना समजायला सोपी आहे. मधली डिफरन्शियलची पेटी गाडीच्या चौकटीला घट्ट बसवलेली असते. तिच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा आस पक्ष्याच्या पंखासारखा वरखाली होतो. चाक त्या अर्ध्या आसाला काटकोनात पक्के असते. त्यामुळे आस वर गेला की चाकाचा माथा आत कलतो, आणि आस खाली आला की चाकाचा तळ आत वळतो. खड्ड्यांतून बसणारे धक्के कमी होतात, खर्चही फार वाढत नाही.

५/
धोका वळणावर आहे. चालक वेगात वळणात शिरतो, घाबरतो आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढतो. त्या क्षणी भार पुढे सरकतो, गाडीची मागची बाजू उचलली जाते आणि दोन्ही अर्धे आस खाली झुकतात. चाकांचे तळ आत वळतात. टायर पूर्ण रुंदीने रस्त्याला टेकायचा, तो आता केवळ कडेवर टेकतो. पकड एकाएकी सुटते आणि गाडी स्वतःभोवती फिरू लागते. सावध चालकाने सावधपणे केलेली कृतीच येथे त्याच्यावर उलटते.

६/
१९६२ मध्ये हेराल्डच्याच चौकटीची लांबी कमी करून स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार तयार झाली. मागची रचना तीच राहिली. वेग मात्र वाढला. हा प्रश्न एकट्या ट्रायम्फचा नव्हता. फोक्सवागन बीटल, पोर्शे ३५६, एवढेच काय, १९५४ ची दिमाखदार मर्सिडीज ३०० एसएल याही स्विंग एक्सलवरच धावत होत्या. वळणात पाय काढू नये, हे त्या पिढीच्या स्पोर्ट्स कार चालकांना अनुभवाने शिकावे लागले.

७/
अमेरिकेत हा वाद थेट कायद्यापर्यंत पोहोचला. राल्फ नेडर यांनी १९६५ मध्ये ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. पहिलेच प्रकरण शेव्हरोले कॉर्व्हेअरच्या स्विंग एक्सलवर होते. १९६६ मध्ये तेथे वाहनसुरक्षेचा राष्ट्रीय कायदा झाला. गंमत अशी की पुस्तक आले तोवर कंपनीने १९६५ च्या मॉडेलात ती रचना बदललीही होती. पुढे १९७२ मध्ये सरकारी चाचण्यांनी सांगितले की जुनी कॉर्व्हेअर तिच्या समकालीन गाड्यांहून अधिक धोकादायक नव्हती. कायदा टिकला, ज्या गाडीमुळे तो गाजला, तिच्यावरील आरोप मात्र सौम्य झाला.

८/
भारतात स्पिटफायर कधी बनली नाही. ज्या आल्या त्या परदेशातून, हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. तिची थोरली बहीण मात्र येथे नांदली. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने १९६१ पासून स्टँडर्ड हेराल्ड बनवली. इंजिन ९४८ सीसीचे. ॲम्बॅसडर आणि फियाट यांच्या पंक्तीत बसलेली ही तिसरी मोटार. मागची रचना इंग्लंडसारखीच, स्विंग एक्सलची.

९/
येथील मालकांना आणि मिस्त्रींना तो एक्सल फारसा रुचला नाही. मग १९७० च्या दशकाच्या आरंभी कंपनीने हेराल्डच्या जागी ‘गॅझेल’ आणली. तिचे इंजिन जुनेच होते, पण मागे सरळ अखंड आस बसवला होता. जगातील मोटारी स्वतंत्र चाकांकडे जात असताना भारतीय कंपनी जाणूनबुजून जुन्या रचनेकडे परतली. कागदावर ही पीछेहाट दिसते. प्रत्यक्षात, जी रचना गावोगावचा मिस्त्री दुरुस्त करू शकतो ती निवडण्याचा हा निर्णय होता.

१०/
इंग्लंडने त्याच दुखण्यावर दुसरा उपाय केला. १९७० च्या स्पिटफायर मार्क ४ मध्ये मागचा आडवा पाटा असा बसवला गेला की त्याची बहुतेक पाने गाडी कलताना मोकळी डोलू शकत. चाकांचा तळ आत वळण्याची प्रवृत्ती त्याने पुष्कळ कमी झाली. आपली कल्पित गाडी १९६५ ची, म्हणजे या सुधारणेच्या आधीची आहे. निदानात पहिली नोंद हीच करायला हवी: थोडा निसटतेपणा तिच्या जन्मापासूनचा आहे.

११/
आता नागपुरी भर. गतिरोधकांवर पोट घासते म्हणून जुन्या गाड्यांचे पाटे काढून, ठोकून, त्यांना नवा बाक देण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. अखंड आसाच्या गाडीला त्याने फारसे बिघडत नाही. स्विंग एक्सलच्या गाडीचा मागचा भाग उंच केला, तर चाकांचे तळ उभ्या जागीच आत वळलेले राहतात. वळणात जी अवस्था टाळायची, तीच कायमची होते. म्हणून गाडी सपाट जागी उभी करून मागून पाहावी. चाकांचे माथे बाहेर कललेले दिसले, तर निम्मे उत्तर तेथेच मिळते.

१२/
दुसरा संशयित टायर. ही गाडी ज्या काळातली, त्या काळी बहुतेक टायर क्रॉस-प्लाय जातीचे असत. फ्रान्सच्या मिशेलिन कंपनीने १९४६ मध्ये रेडियल टायरचे पेटंट घेतले. भारतीय मोटारींत तो रुळायला पुढे अनेक दशके लागली. मुंबईत १९५८ मध्ये स्थापन झालेल्या सीएटसारख्या कंपन्यांनी येथील रस्त्यांवर प्रथम क्रॉस-प्लायचेच राज्य पाहिले. दोन्ही जातींची रस्त्याला धरण्याची रीत वेगळी आहे. पुढे रेडियल आणि मागे क्रॉस-प्लाय अशी सरमिसळ झाली, तर पुढचा भाग वळतो आणि मागचा त्याला साथ देत नाही.

१३/
टायरचे वय नक्षीवरून कळत नाही. महिन्यातून एकदा बाहेर निघणाऱ्या गाडीची नक्षी दहा वर्षांनीही कोरी दिसते, पण उष्णता, ऊन आणि ओझोन यांनी रबर कडक झालेले असते. नागपूरचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो. पोर्चमधली गाडीही त्यातून सुटत नाही. टायरच्या कडेवर चार आकडी शिक्का असतो. ‘२३१४’ याचा अर्थ २०१४ सालचा २३ वा आठवडा. मोटारीच्या दुनियेतील हा सर्वांत छोटा आणि सर्वांत दुर्लक्षित शिलालेख. सहा वर्षांनंतर टायर तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर तो वापरू नये, हा सर्वसाधारण दंडक आहे.

१४/
तिसरा घटक रस्ता. आणि येथे पेट्रोल व पकड यांचे इतिहास एकमेकांत मिसळतात. १९२७ मध्ये भारतातील रस्त्यांचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली गेली. अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. समितीचे म्हणणे असे की मोटारींमुळे रस्त्यांचा खर्च प्रांतांना पेलवेनासा झाला आहे. तेव्हा पेट्रोलवर जादा कर लावून त्यातून रस्ते बांधावेत. १९२९ मध्ये गॅलनला २ आण्यांच्या करातून मध्यवर्ती रस्ते निधी उभा राहिला. तेव्हापासून जळणारे पेट्रोलच रस्त्याचा खर्च उचलू लागले.

१५/
त्याच समितीच्या शिफारशीतून १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था निघाली. डिसेंबर १९४३ मध्ये देशभरातील मुख्य अभियंते नागपुरात जमले. तेथे ठरलेली वीस वर्षांची योजना ‘नागपूर योजना’ म्हणून ओळखली जाते. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, मोठे व छोटे जिल्हा रस्ते आणि ग्रामीण रस्ते ही वर्गवारी तिचीच. प्रगत शेतीच्या प्रदेशात कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून ५ मैलांहून दूर नसावे, हे तिचे उद्दिष्ट. मनीषनगरशेजारून जाणारा वर्धा मार्ग, म्हणजे जुना राष्ट्रीय महामार्ग ७ आणि आजचा ४४, याच विचाराच्या चौकटीत वाढला.

१६/
त्या रस्त्याचे रूपही पालटले. २०२० मध्ये वर्धा मार्गावर खाली वाहने आणि वर मेट्रो असा ३.१४ किलोमीटरचा दुमजली पूल खुला झाला. शहरातील अनेक डांबरी रस्ते सिमेंटचे झाले. डांबराची खरखर आणि घासून गुळगुळीत झालेले सिमेंट यांवर ओला टायर सारखा वागत नाही. त्यात बेसा भागातील बांधकामांवरून चाकांबरोबर येणारी काळी माती आणि पहिल्या पावसात रस्त्यावर तरंगणारा तेलाचा थर. मृगाच्या पहिल्या सरीत उत्तम टायरही घसरतात. म्हणून पकडीची परीक्षा त्या दिवशी घेऊ नये.

१७/
आता पहिली तक्रार: ॲव्हरेज. हा इंग्रजी शब्द मराठीत इतका घरचा कसा झाला, यालाही इतिहास आहे. ऑक्टोबर १९७३ च्या अरब तेलबंदीनंतर काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव सुमारे चौपट झाला. मोटार ही चैन ठरली आणि लिटरमागील किलोमीटर हा घराघरांतला हिशेब झाला. फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबई हाय येथे तेल सापडले तेव्हा देशाला केवढा दिलासा वाटला असेल, हे त्यावरून ताडता येते.

१८/
या हिशेबाचा फटका त्याच मद्रासच्या कंपनीला बसला. १९८५ मध्ये तिने ‘स्टँडर्ड २०००’ आणली. देखणे शरीर ब्रिटिश रोव्हरचे, पण आत जुन्या घडणीचे २ लिटरचे इंजिन. डिसेंबर १९८३ पासून रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० ने ग्राहकाला काटकसरीची चटक लावली होती. महाग आणि इंधनखाऊ ठरलेली स्टँडर्ड २००० काही वर्षांतच बंद पडली. हेराल्डच्या वेळी मागच्या एक्सलने छळलेल्या कंपनीला अखेरीस पेट्रोलच्या हिशेबाने गाठले.

१९/
मनीषनगरच्या गाडीकडे परत येऊ. लिटरला ८ हा आकडा कोठून आला? इतिहासाच्या अभ्यासकाने येथे साधनचिकित्सा करावी. मूळ मापाहून उंच टायर बसवले असतील, तर चाकाच्या एका फेऱ्यात अंतर जास्त कापले जाते आणि मीटर कमी किलोमीटर दाखवतो. गाडी तेवढीच धावली, नोंद मात्र घटली. मोजणीची खात्रीची रीत एकच: टाकी काठोकाठ भरावी, नकाशावर मोजलेले अंतर चालवावे आणि पुन्हा काठोकाठ भरताना लागलेले लिटर पाहावेत. पूर्वी रेल्वे फाटकावर चालू इंजिनाने काढलेली मिनिटेही हिशेबात धरावी लागत. तेव्हा गाडी शून्य किलोमीटरला पेट्रोल पीत असे.

२०/
मोजणी खरी निघाली, तर कार्ब्युरेटर पाहावा. स्पिटफायरला दोन एसयू कार्ब्युरेटर असतात. हे नाव स्किनर बंधूंच्या ‘स्किनर्स युनियन’ या कंपनीचे. त्यात हवेच्या ओढीबरोबर एक पिस्टन वर जातो आणि त्याला जोडलेली निमुळती सुई पेट्रोलचे छिद्र कमीजास्त उघडते. वर्षानुवर्षांच्या घर्षणाने सुई झिजते, छिद्र रुंदावते, पेट्रोल जास्त सुटते. चोकची तार अर्ध्यावर अडकली तरी तोच परिणाम. प्लगवर काळी काजळी जमली असेल, तर साक्ष पुरेशी आहे. शिवाय दोन्ही कार्ब्युरेटर एका तालात नसतील, तर एक भार ओढतो आणि दुसरा नुसता पेट्रोल पितो.

२१/
पेट्रोलही बदलले. १९२१ मध्ये अमेरिकेत शिशाच्या संयुगाने इंजिनाची ठकठक थांबते असे दिसले आणि जगभर शिसेयुक्त पेट्रोल पसरले. त्याची जबर किंमत माणसांच्या, विशेषतः मुलांच्या आरोग्याने चुकवली. भारतात २००० साली ते सर्वत्र बंद झाले. जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हच्या बैठकांना मात्र शिशाचे वंगण मिळत असे. ते गेल्यावर मऊ बैठका झिजू शकतात. कॉम्प्रेशन गळू लागते आणि ॲव्हरेज उतरते. म्हणून जुन्या इंजिनाची कॉम्प्रेशन चाचणी आवश्यक ठरते.

२२/
त्यानंतर इथेनॉल आले. २००१ मध्ये देशातील पहिले प्रायोगिक मिश्रण सुरू झाले, त्यांतील दोन ठिकाणे महाराष्ट्रातली: मिरज आणि मनमाड. २००३ पासून काही राज्यांत ५ टक्के, २०२२ मध्ये देशभर १० टक्के आणि २०२५ मध्ये २० टक्के असा हा प्रवास. नागपूरचे नाव यातही आहे. २०१४ मध्ये इथेनॉलवर चालणारी देशातील पहिली बस याच शहरात प्रयोगासाठी धावली.

२३/
आज जुन्या गाडीचे ॲव्हरेज घसरले की सारा दोष इथेनॉलवर जातो. गणित काय सांगते? एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते. पाचवा हिस्सा इथेनॉल, म्हणजे एकूण ऊर्जेत सुमारे ७ टक्के घट. १२ चे ॲव्हरेज त्याने साधारण ११.२ वर येईल. ११.२ पासून ८ पर्यंतची घसरण इथेनॉल एकटे समजावून देऊ शकत नाही. उरलेल्या तीन किलोमीटरांचा हिशेब गाडीतच शोधावा लागेल.

२४/
इथेनॉलचा खरा धोका ॲव्हरेजहून गंभीर आहे. १९६० च्या दशकातील रबरी नळ्या आणि वॉशर त्याच्यासाठी बनलेले नव्हते. ते फुगतात, मऊ पडतात, चिरतात. तापलेल्या इंजिनावर पडणारा पेट्रोलचा थेंब गाडी पेटवू शकतो. बॉनेट उघडताच पेट्रोलचा वास आला, तर ट्यूनिंगचा विचार बाजूला ठेवून प्रथम इथेनॉल सोसणाऱ्या नव्या नळ्या बसवाव्यात. सांडलेले पेट्रोलही ॲव्हरेजमध्येच मोजले जाते, हे वेगळे सांगायला नको.

२५/
शेवटी सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: दोन्ही तक्रारींना जोडणारे एखादे कारण आहे का? आहेत, आणि दोन्ही स्वस्तात सुटणारी आहेत. एक, मागच्या टायरांत कमी हवा. टायर जड फिरतो, पेट्रोल खातो आणि वळणात वाकून पकड सोडतो. स्विंग एक्सलच्या गाडीत पुढच्यापेक्षा मागे हवा जास्त ठेवण्याची मूळ सूचना असते. पंपावर चारही चाकांत सारखी हवा भरली की ती मोडते. दोन, अडकलेला हँडब्रेक. मागचे ड्रम सतत घासतात, इंजिन त्यांच्याविरुद्ध ओढते आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लावताच मागची चाके आधी जाम होतात.

२६/
म्हणून तपासाचा क्रम असा. प्रथम पेट्रोलची गळती. मग मागच्या टायरांचा शिक्का, जात आणि हवा. मग गाडी जॅकवर घेऊन मागची चाके हाताने फिरवून पाहणे. मग चाकांचा कल आणि पाट्याची उंची. मग टाकी भरून खरी मोजणी. त्यानंतर प्लग, चोक, सुई, टायमिंग, कॉम्प्रेशन. एका वेळी एकच बदल करावा आणि वहीत तारखेसह लिहावा. नाहीतर कोणत्या औषधाने गुण आला ते कधीच कळत नाही.

२७/
हे सर्व झाल्यावरही स्पिटफायर १९६५ चीच राहील. वळणाआधी वेग उतरवावा आणि वळणात ॲक्सिलरेटर स्थिर धरावा, ही तिची अट कोणताही मिस्त्री रद्द करू शकत नाही. मद्रासच्या अभियंत्यांनी आस बदलून ती अट काढून टाकली. इंग्लंडच्या अभियंत्यांनी पाटा बदलून ती सैल केली. मनीषनगरच्या मालकाला मात्र ती पाळावी लागेल. मृगाच्या पहिल्या सरीत, वर्धा मार्गावरून घराकडे वळताना, त्याच्या उजव्या पायाने.